फायबर होडीतील बल्कहेड व स्ट्रिंगर

फायबर होडीच्या आत आडवी उभारलेली भिंत म्हणजे बल्कहेड, आणि तळाला चिकटून नाळेपासून मागच्या फळीपर्यंत जाणारी लांब तुळई म्हणजे स्ट्रिंगर. होडीचे बाहेरचे कवच पातळ असते. पाण्याचा दाब, लाटेचा तडाखा आणि इंजिनाचे हादरे पेलतो तो हा आतला सांगाडा. जुन्या फायबर होडीची पुनर्बांधणी म्हणजे बहुधा याच सांगाड्याची बदली होय; कवच सहसा शाबूत असते, कुजते ते आतले लाकूड.

खंबायतच्या आखाताच्या दक्षिण तोंडाशी, सुरत, डुमस, सुवाळी या किनाऱ्यावर सांगाड्याची कसोटी अधिक कडक आहे. येथे भरती-ओहोटीतील फरक मोठा असून किनारा गाळाचा आहे. नांगरलेली होडी दिवसातून दोनदा चिखलावर टेकते व पुन्हा उचलली जाते. अशा वेळी पाण्याचा सर्वत्र सारखा आधार जाऊन भार तळाच्या थोड्याच भागावर येतो.

सुरतेचे नाव मराठी वाचकाला 1664 व 1670 च्या स्वाऱ्यांमुळे ठाऊक असते. सागवानी जहाजांमुळे क्वचितच. मुंबईच्या गोदीची उभारणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचेच कारागीर. 1774–78 च्या सफरीत सुरत पाहिलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस याने तेथील फळ्यांच्या सांध्याचे वर्णन केले आहे. कारागीर फळ्यांच्या कडांना खाचा पाडत, बसवलेल्या फळीच्या कडेला शेंदूर लावत आणि दुसरी फळी तिच्यावर दाबून बघत. शेंदूर उमटेल तो उंचवटा तासायचा, आणि कडा पूर्ण जुळेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. मग चिकट लुकण व कापसासारख्या तंतूंचा पातळ थर देऊन फळ्या घट्ट जोडत. तंतू आणि घट्ट होणारा चिकट द्रव ही जोडी आजच्या काचतंतू व रेझिनच्या नात्यातली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र लाकडावर हात बसलेल्या मिस्त्रीचा कडा घट्ट भिडवण्याचा हाच गुण फायबरच्या कामात दोष ठरू शकतो. बल्कहेडची कड कवचाला घट्ट भिडवली, तर त्या रेषेवर कवच लवचीक राहत नाही. दोन्ही बाजूंनी ते लवते, मधे अडते आणि कालांतराने तिथेच तडकते. म्हणून मापाचा फर्मा कवचाच्या वळणाला तंतोतंत जुळवायचा, पण बल्कहेडचा प्लाय त्याहून थोडा आखूड कापायचा. फटीत फोमची पट्टी भरायची व कोपऱ्याला पुट्टीची गोलाई द्यायची. काटकोनी कोपऱ्यात मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, नीट बसत नाही, खाली हवा राहते. गोलाईवरून मॅटच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी चढवतात; प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीहून रुंद, म्हणजे जाडी एकाएकी न संपता हळूहळू उतरते. भार कवचात उतरतो तो या पट्ट्यांतून.

स्ट्रिंगरचा न्याय थोडा वेगळा. लाकडाच्या किंवा फोमच्या गाभ्यावर फायबरचे थर चढवून तो करतात. जाड थर दिले तर ताकद थरांच्या टोपीसारख्या पेटीतच असते, गाभा केवळ आकार देतो. म्हणून तिथे फोम चालतो. इंजिन जिथे बोल्टने आवळायचे तिथे मात्र फोम दबतो, तेवढ्या लांबीत कठीण लाकूड हवे. पाणी आत शिरते तेही बहुधा अशाच बोल्टच्या भोकांतून. प्रत्येक भोक रेझिनने बंद करणे हे कंटाळवाणे काम आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. साचलेले पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांच्या कडाही तशाच बंद कराव्या लागतात.

जुना सांगाडा एकदम उपटू नये. आधाराविना कवच पसरते, आणि नवा सांगाडा त्याच वाकड्या आकारात कायमचा बसतो. होडी पाळण्यावर नीट टेकवून, मधोमध दोरी ताणून, ओळंब्याने मापे घेऊन एकेक भाग बदलावा. जुने कवच ग्राइंडरने घासून काचतंतूपर्यंत उघडे केल्याशिवाय नवा थर धरत नाही. चकचकीत पृष्ठभागावरची पट्टी पुढे सालीसारखी सुटते. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या कवचावर पॉलिएस्टरपेक्षा एपॉक्सी चांगले चिकटते, पण ते महाग आहे. पॉलिएस्टरमध्ये घालायचा कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा. सुरतेच्या उन्हाळ्यात कालवलेले रेझिन लवकर घट्ट होते म्हणून थोडे थोडे कालवतात, आणि पावसाळ्यात प्लाय ओलावा ओढत असल्याने हे काम शक्यतो पुढे ढकलतात.

इंजिन व शाफ्ट यांची अंतिम जुळवणी होडी पाण्यात उतरल्यावर करावी, कारण पाळण्यावर आणि पाण्यात कवचाचा आकार किंचित निराळा असतो.