गोदावरी : एक नदी, दोन स्वभाव

दक्षिण गंगा म्हणून ओळखली जाणारी गोदावरी ही दक्षिण भारतातील सर्वांत लांब नदी आहे. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर येथील ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. उगमापासून अरबी समुद्र अवघ्या ८० किलोमीटरच्या अंतरावर आहे. तरीही सह्याद्रीच्या उतारामुळे तिचा ओघ पूर्वेकडे वळतो. सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरच्या तिच्या खोऱ्यापैकी जवळपास निम्मे क्षेत्र एकट्या महाराष्ट्रात आहे. उर्वरित क्षेत्र प्रामुख्याने तेलंगणा, आंध्र प्रदेश, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि ओडिशात विभागलेले आहे.

तुटीचे आणि विपुलतेचे खोरे

नकाशावर गोदावरी ही एक नदी दिसते. पाण्याच्या हिशेबात मात्र तिचे दोन भाग पडतात. उगमाजवळ घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. पण पूर्वेकडे काही अंतर जाताच पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग आणि पैठणचा परिसर येथे वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. प्रवरा आणि मांजरा या उपनद्या याच कोरड्या पट्ट्यातून वाहतात. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा खोऱ्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले होते.

पुढे सिरोंचाजवळ नदीचे रूप पालटते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता येथे गोदावरीला मिळते. प्राणहितेची लांबी जेमतेम ११३ किलोमीटर. परंतु पैनगंगेसह तिन्ही नद्यांचे पाणी आणणारे तिचे खोरे गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे. त्यानंतर इंद्रावती आणि शबरी येऊन मिळतात. जुलै २०२२ मध्ये तेलंगणातील भद्राचलम येथे पाण्याची पातळी ७१ फुटांच्या वर गेली होती. एकाच नदीच्या खोऱ्यात रेल्वेने पाणी आणणारे शहर आहे आणि पुराने वेढली जाणारी गावेही आहेत.

पक्षी, रानम्हशी आणि खारफुटी

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमावर ब्रिटिशकालीन बंधारा आहे. त्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली आणि तेथे अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली. २०१९ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा होय. पैठणच्या नाथसागरावरही हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. गडचिरोलीत वर्धा-वैनगंगा संगमाजवळ चपराळा अभयारण्य आहे, तर इंद्रावतीच्या बाजूचे कोलामार्का हे राज्यातील रानम्हशींचे आश्रयस्थान आहे. मुखाजवळील कोरिंगाच्या खारफुटीत मासेमार मांजर आणि पाणमांजर आढळतात. समुद्रातून गोड्या पाण्यात येणारा हिलसा मासा तेथे ‘पुलस’ या नावाने प्रसिद्ध असून पुराच्या दिवसांत त्याला मोठी किंमत मिळते.

संस्कृतीची वाट

नाशिक ते नांदेड या पट्ट्यात गोदावरीला सर्रास ‘गंगा’ म्हटले जाते. गंगापूर, गंगाखेड ही गावांची नावे त्याची साक्ष देतात. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. संत एकनाथांची कर्मभूमी हीच. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, तर नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांच्या स्मृतीचा गुरुद्वारा आहे. दर बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो.

पाणी कोणाचे?

पैठण येथील जायकवाडी धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. मराठवाड्यातील शेती, उद्योग आणि छत्रपती संभाजीनगर शहराची तहान या साठ्यावर अवलंबून आहे. वरच्या बाजूला मात्र गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी धरणे आहेत. ती भरली आणि जायकवाडी रिकामे राहिले की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला. जायकवाडीतील साठा १५ ऑक्टोबरपर्यंत ६५ टक्क्यांवर न पोहोचल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र त्यात ठरले. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, कारण उणीवच मुळात सामायिक आहे.

याउलट मुखाकडे सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा उभारून दुष्काळाने पोळलेला त्रिभुज प्रदेश भातशेतीने समृद्ध केला. तेथे पाणी होते, ते अडवून वळवायचे होते. वरच्या गोदावरीत धरणे आहेत. त्यांत भरण्याइतके पाणी मात्र दरवर्षी येत नाही. त्यामुळे येथे नव्या भिंतींपेक्षा पिकांची निवड, काटकसर आणि शहरांचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे यांचे मोल अधिक आहे. नाशिकचे सांडपाणी आणि फोफावणारी पानवेल नांदूर मधमेश्वरपर्यंत पोहोचते, हे लक्षात घेता शुद्धीकरण म्हणजे पाणीसाठ्यातीलच वाढ ठरते. गोदावरीला गंगा मानणाऱ्या महाराष्ट्राला तिचा हा हिशेब टाळता येणार नाही.