पवईचें ऊन आणि पवईचें पाणी

पाहुण्याचें आदरातिथ्य करावयाचें तर घरांत पाणी हवें, चूल पेटती हवी आणि रात्रीं दिवा हवा. हीं तीनहि शक्यतों आपल्याच भूमींतून मिळवावीं, या विचारानें आज खेड्यांतून अतिथिगृहें उभीं राहत आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केल्यावर त्यांना राजमान्यताहि लाभली. हा विचार नवा वाटतो खरा. परंतु त्याचे धडे मुंबईच्या उंबरठ्यावर, पवईस, फार पूर्वींच गिरविले गेले आहेत.

साष्टींतील पवईची जमीन १८२९ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांनीं कंपनी सरकारकडून पट्ट्यानें घेतली. त्यांनीं तेथें विहिरी खोदविल्या, घरें बांधलीं, रस्ता केला, ऊंस, नीळ आणि तुती यांची लागवड केली व साखरेचा कारखाना उभारला. गव्हर्नर सर जॉन माल्कम हे स्वतः येऊन हें सारें पाहून गेले आणि १८३० सालच्या आपल्या टिपणांत त्यांनीं त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली. त्या काळीं मोटेला बैल, चुलीला सरपण आणि समईला तेल, एवढीच गांवाची शक्ति. आणि ती बहुतेक गांवांतच उत्पन्न होई. १८३८ सालीं फ्रामजींनीं आंब्यांची भेट आगबोटीनें थेट व्हिक्टोरिया राणीकडे रवाना केली. यजमानाचा थाट भूमीच्या उत्पन्नावरच उभा होता.

पुढें मुंबईची तहान वाढली. विहार तलाव १८६० मध्यें व तुळशी १८७९ मध्यें पुरा झाला होता. तेवढ्यानें भागेना, म्हणून १८९१ च्या सुमारास पवईस बांध घालून तलाव करण्यांत आला. पण त्याचें पाणी इतकें हलकें निघालें कीं पिण्याकडे त्याचा उपयोग सोडून द्यावा लागला. पुढें भोंवतीं वस्ती दाटली, सांडपाणी तलावांत उतरूं लागलें आणि जलपर्णी माजली. बांध पाणी अडवितो. तें निर्मळ ठेवण्याचें काम मात्र माणसाचें.

याच मुंबईंत टाकाऊ वस्तूंतून प्रकाशहि निघाला. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणारा वायु दिव्यांसाठीं वापरण्यांत आला. १९१५ सालीं खोपोलीस सह्याद्रीच्या पाण्यावर वीज उत्पन्न होऊन ती मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. पवईस १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत २०१० सालीं सौर विजेच्या संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र निघालें. आणि २०१४ सालीं तेथील विद्यार्थ्यांच्या ‘शून्य’ नांवाच्या संघानें केवळ उन्हावर चालणारें घर फ्रान्समध्यें व्हर्साय येथील स्पर्धेंत उभें केलें. राणीला आंबे धाडणाऱ्या पवईनें पावणेदोनशें वर्षांनीं युरोपला एक सबंध घरच दाखविलें!

परंतु घर दाखविणें निराळें आणि पाहुणे सांभाळणें निराळें. कोंकणांत पाहुणे हौसेनें येतात ते पावसाळ्यांत, आणि नेमका तेव्हांच सूर्य दडी मारतो. दोन घनमीटरच्या गोबर-वायु संयंत्राला रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें, म्हणजे चार-पांच गुरें दावणीला हवींत; आणि त्यावर शिजतो तो पांच-सहा माणसांचाच स्वयंपाक. वीस पाहुण्यांचें आमंत्रण देणाऱ्यानें आधीं गोठा मोजावा, छपरावरचें ऊन मोजावें आणि विहिरीचें चैत्रांतलें पाणी पाहावें. हा हिशेब न करतां ‘निसर्गाच्या सान्निध्यांत’ अशी पाटी लावणारा पाहुण्यालाहि फसवितो आणि भूमीलाहि.

फ्रामजींच्या काळीं भूमीपाशीं जें होतें तेवढ्यावरच भागवावें लागे. तारेवरून वीज आणि टांकींतून पाणी मागवितां येत नसे. आज तें मागवितां येतें, म्हणूनच मर्यादा माणसानें आपण होऊन पाळावयाची आहे. पाहुणा निघून गेल्यावर विहीर, रान आणि ओढा पूर्वीं होते तसेच राहिले, तर ते आतिथ्य खरें. पवईचा तलाव आजहि हेंच सांगत आहे.