खडक्याचे पाणी, परळीची वीज

१/
फेब्रुवारी २०१३. मराठवाड्यातील सर्वांत मोठे औष्णिक विद्युत केंद्र बंद पडले. परळी वैजनाथच्या या केंद्राची क्षमता तेव्हा १,१३० मेगावॅट होती. ते थांबले ते कोळशाअभावी नव्हे. संपले होते पाणी, आणि ते संपले होते शेजारच्या परभणी जिल्ह्यात.

२/
परळी बीड जिल्ह्यात आहे. तिच्या वीजकेंद्राची तहान मात्र भागते गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून. हा बंधारा परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात आहे. पर्यावरणपूरक विजेची चर्चा बहुधा धुरापासून सुरू होते. परभणीच्या भूमीवर मात्र ती पाण्यापासून सुरू करावी लागते, आणि त्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते.

३/
परभणी जिल्ह्यातील वीजनिर्मितीचा आरंभ कोळशाने नव्हे, नदीने झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा ही गोदावरीची उपनदी. जिंतूर तालुक्यात येलदरी येथे तिच्यावर मातीचे विशाल धरण उभे राहिले आणि १९६८ साली ते पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी ७.५ मेगावॅटचे तीन संच बसवले गेले. एकूण क्षमता २२.५ मेगावॅट.

४/
येलदरीचे पाणी जनित्र फिरवते आणि खाली सिद्धेश्वर धरणात उतरते. तेथून ते कालव्यांनी शेतात जाते. म्हणजे वीज निर्माण होते, पण पाणी खर्ची पडत नाही. मात्र या व्यवस्थेला एक अट आहे. वीज सिंचनाच्या मागोमाग चालते. धरणात साठा असेल आणि शेतीचे आवर्तन सुटणार असेल, तरच जनित्र फिरते. दुष्काळात नदीबरोबर वीजगृहही मुके होते.

५/
वाढत्या मागणीला २२.५ मेगावॅट पुरणे शक्यच नव्हते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९७१ साली परळीत ३० मेगावॅटच्या संचांनी आरंभ केला. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीचे काम महानिर्मिती कंपनीकडे आले आणि पुढे २५० मेगावॅटचे नवे संच जोडले गेले. येलदरीच्या पन्नासपट क्षमता एका ठिकाणी उभी राहिली.

६/
कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटरवरून आणता येतो. पाणी तसे आणता येत नाही. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि त्या वाफेने चक्की, म्हणजेच टर्बाइन, फिरवतात. काम झालेली वाफ पुन्हा थंड करून तिचे पाणी करावे लागते. त्यासाठी शीतकरण मनोऱ्यांतून अखंड पाणी खेळवतात. त्यातील मोठा भाग वाफ होऊन आकाशात जातो. राख वाहून नेण्यासही पाणी लागते.

७/
हा खर्च किती? केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा ठरवली : एका मेगावॅट-तासामागे कमाल ३.५ घनमीटर पाणी. म्हणजे घरातील एका युनिटमागे साडेतीन लिटर. या मापाने १,१३० मेगावॅटचे केंद्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल. येलदरीत पाणी विजेतून पुढे जाते. परळीत ते विजेपायी संपते.

८/
खडक्याचे भवितव्य वरच्या साठ्यांशी बांधलेले आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा माजलगावच्या जलाशयाला पाणी पोहोचवतो. डावा कालवा परभणी जिल्ह्याची शेती भिजवतो. पाऊस कमी झाला की उसाची पाळी, शहरांचे नळ आणि परळीचे मनोरे एकाच रांगेत उभे राहतात.

९/
रांगेत पुढे कोण? महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना स्थान दिले आणि शेती तिसऱ्या क्रमांकावर ढकलली. या क्रमाविरुद्ध मोठा असंतोष झाला. २०११ मध्ये राज्य सरकारने तो बदलला : आधी पिण्याचे पाणी, मग शेती, मग उद्योग. वीजकेंद्र उद्योगांच्या रांगेत मोडते. पण शेतकऱ्याचा पंपही विजेवरच चालतो. त्यामुळे हा वाद शेतकरी विरुद्ध कारखाना इतका सरळ कधीच नव्हता.

१०/
२०१२ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला आणि २०१३ मध्ये परळी थांबली. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी ती पुन्हा बंद पडली. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. ज्या प्रदेशात माणसांचे पाणी रेल्वेने येते, तेथे मनोऱ्यांसाठी पाणी मागणार कोणाकडे? त्या वर्षीच्या चांगल्या पावसानंतरच परळीचे संच पुन्हा फिरू लागले.

११/
एक उपाय विदर्भात दिसला. नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून महानिर्मितीने ते कोराडीच्या वीजकेंद्राला वापरले. त्यासाठी दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. तेवढे गोडे पाणी शहरासाठी मोकळे झाले. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. परंतु त्यासाठी शेजारी नागपूरएवढे शहर हवे. परळीजवळ ते नाही.

१२/
दुसरा मार्ग सूर्याचा. याच कंपनीने २०१३ साली धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. साक्रीही अवर्षणग्रस्त तालुका. सौर पट्ट्यांना वाफ लागत नाही, मनोरे लागत नाहीत. पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते. इतर संकटांत जे ऊन पीक जाळते, तेच येथे कच्चा माल ठरते.

१३/
२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. गावाजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून कृषिपंपांना दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. तिचे महत्त्व परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात लगेच कळते. शेतीची वीज रात्री येते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याची भीती पत्करून, बांधावर जावे लागते. दिवसाची वीज ही त्याच्या दृष्टीने आधी जिवाची सुरक्षितता आहे, पर्यावरण त्यानंतर.

१४/
सौरऊर्जेलाही मर्यादा आहेतच. सूर्यास्तानंतर ती थांबते, आणि तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. त्यासाठी साठवण हवी. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा संच याच तत्त्वावर बांधला गेला : मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. गोदावरीच्या काठी ही कल्पना नवी नाही. तिचा विस्तार मात्र झाला नाही.

१५/
परळीचे २१० मेगावॅटचे तिन्ही जुने संच आता सेवेतून गेले आहेत. २५० मेगावॅटचे तीन संच उरले, एकूण ७५०. त्यांतील शेवटचा २०१६ मध्ये, पाण्यावाचून केंद्र बंद राहिल्याच्या अनुभवानंतर, सेवेत आला. त्यांचेही पाणी गोदावरीचेच.

१६/
येलदरीला नदी वाहती हवी होती, परळीला साठलेली. दोघींचाही हिशोब शेवटी पावसाशी होता. सूर्याची वीज मात्र पाण्याच्या रांगेत उभी राहत नाही. तिच्यामुळे जगाचे तापमान किती घटेल, हा प्रश्न मोठाच आहे. पण सोनपेठच्या शिवारात तिचे मोल साध्या मापाने मोजता येते : युनिटमागे साडेतीन लिटर, जे गोदावरीतच राहतील.