कॉन्फरन्स पुनर्रचना, अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ ज्या गटांत राहून आपसांत खेळतात, त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. एक गट सोडून दुसऱ्यात जाणे, नवा उभारणे किंवा जुना मोडणे, या हालचालींना पुनर्रचना हे नाव आहे. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. बास्केटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळ्या खेळांना पुनर्रचनेची झळ बसते. घडते मात्र ती बहुतेकदा फुटबॉलपायी, कारण मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडाविभागाची चूल याच एका खेळावर पेटते.

भारतातील आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भूगोलावरून ठरतात. अमेरिकी कॉन्फरन्स ही सदस्यांनी आपखुशीने केलेली भागीदारी आहे. वेळापत्रक, पंच, विजेतेपद यांची व्यवस्था ती करतेच. पण तिचे खरे काम म्हणजे सर्वांच्या सामन्यांचे प्रसारण हक्क एकगठ्ठा विकून पैसे वाटून घेणे. ज्याला वाटा कमी वाटतो, तो दुसरा भागीदार शोधतो.

आरंभी असे नव्हते. १८९६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे बिग टेन म्हणून ओळखल्या गेलेल्या कॉन्फरन्सचे शिकागो विद्यापीठ संस्थापक सदस्य होते. आज हाइझमन म्हणून प्रसिद्ध असलेला पुरस्कार १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्याच जे बरवँगरला. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्येच्या घरात या खेळाचे एवढे स्तोम नको असे मानणारे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. १९६९ मध्ये तो परत आला, तोही खालच्या श्रेणीत. स्वतःहून मैदान सोडणाऱ्या बड्या संस्थेचे असे दुसरे ठळक उदाहरण सापडणे कठीण. त्यानंतरच्या बहुतेकांना बाहेर ढकलण्यात आले.

कलाटणी दिली ती न्यायालयाने. कोणाचे किती सामने दूरदर्शनवर दाखवायचे, हे तोवर महाविद्यालयीन क्रीडेची राष्ट्रीय संघटना (एनसीएए) ठरवत असे. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा मक्ता स्पर्धाविरोधी ठरवला. हक्क विद्यापीठांकडे आले, त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे गेले आणि बाजार सुरू झाला.

पहिला मोठा बळी १९१४ पासूनची साउथवेस्ट कॉन्फरन्स. आर्कन्सा आधीच निघून गेले होते. १९९६ मध्ये टेक्ससमधील चार विद्यापीठांनी बिग एटच्या आठ सदस्यांसह बिग ट्वेल्व्ह सुरू केली आणि उरलेली चार बाहेर राहिली. त्यांपैकी टेक्सस ख्रिश्चन २०१२ मध्ये, तर ह्यूस्टन २०२३ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये शिरले. सदर्न मेथडिस्टने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे दार उघडून घेतले, नऊ वर्षांच्या प्रसारण-उत्पन्नावर पाणी सोडून. राइस अजून बड्या कॉन्फरन्सांच्या बाहेरच आहे.

२०२१ ते २०२४ या काळातली लाट याहून मोठी होती. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स गाठली. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले आणि पश्चिम किनाऱ्यावरची पॅसिफिक ट्वेल्व्ह खिळखिळी झाली. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून मोठे करार केले. पॅसिफिकच्या हाती वर्षभराच्या वाटाघाटींनंतर ॲपलचा एक इंटरनेट-प्रसारणाचा प्रस्ताव होता. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच सदस्य गेले. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्टमध्ये गेली, म्हणजे पॅसिफिकच्या काठची विद्यापीठे अटलांटिकच्या नावाखाली खेळू लागली. बिग टेनमध्ये आता अठरा सदस्य आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. नावांतल्या आकड्यांवर जाऊ नये.

उरली दोन : कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली. ओरेगन स्टेट १९१५ च्या मूळ पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सच्या चार संस्थापकांपैकी एक, वॉशिंग्टन स्टेट १९१७ पासूनचे. जाणाऱ्या दहांनी कॉन्फरन्सच्या मालमत्तेवर मतदान करावे काय, हा वाद न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल या दोघांच्या बाजूने लागला. घर रिकामे झाले, पण किल्ल्या हाती राहिल्या. वरच्या श्रेणीतील कॉन्फरन्सला किमान आठ फुटबॉल संघ लागतात आणि त्यासाठी दोन वर्षांची सवलत मिळते. तेवढ्यात त्यांनी माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेटसह पाच आणि नंतर टेक्सस स्टेट असे सहा संघ मिळवले. म्हणजे ज्या वागणुकीबद्दल तक्रार होती, तीच त्यांनी शेजाऱ्याशी केली. नवी रचना जुलै २०२६ पासूनची.

पुलमन ज्या गव्हाच्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे, त्याला पलूस म्हणतात (सांगली जिल्ह्यातील पलूसशी नामसाधर्म्य हा योगायोग). पुलमनपासून अवघ्या आठ मैलांवर, राज्याची सीमा ओलांडली की मॉस्को हे गाव आणि आयडाहो विद्यापीठ. छोट्या संघांचे भवितव्य अभ्यासायला याहून चांगली जागा नाही. १९५९ मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा दोघेही बेघर झाले. तिच्या जागी आलेल्या गटाने वॉशिंग्टन स्टेटला तीन वर्षांनी आत घेतले, आयडाहोला कधीच नाही. पुढे आयडाहो ज्या वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये होते तिने २०१२ च्या हंगामानंतर फुटबॉलच सोडला; मग सन बेल्ट कॉन्फरन्सने आसरा दिला आणि काढूनही घेतला. २०१८ मध्ये आयडाहो आपणहून खालच्या श्रेणीत गेले. त्या श्रेणीत तेव्हा शिष्यवृत्त्यांची मर्यादा ८५ ऐवजी ६३. असे करणारे ते पहिलेच, आणि माजी विद्यार्थ्यांना ही नामुष्की वाटली. प्रत्यक्षात १६,००० आसनांच्या किबी डोमला आपल्या मापाचे प्रतिस्पर्धी मिळाले : २०२३ आणि २०२४ मध्ये संघ राष्ट्रीय बादफेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

वरच्या श्रेणीला चिकटून राहणाऱ्यांचा त्रास वेगळा आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. २०२३ नंतर वॉशिंग्टन स्टेटचा मुख्य खेळाडू कॅम वॉर्ड मायामीला गेला, पुढच्या वर्षी त्याचा वारस जॉन मटीर ओक्लाहोमाला. पाठोपाठ प्रशिक्षकही गेला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत, वाटा देऊ शकतात. ही कमाल मर्यादा आहे. छोट्यांना ती आवाक्याबाहेरची.

त्यांच्या हाती एक जुना व्यवहार उरतो : मोठ्या संघाच्या मैदानावर जाऊन, बहुधा हरण्यासाठी, मानधन घेणे. २००७ मध्ये ॲपलॅशियन स्टेट असेच चार लाख डॉलर घेऊन मिशिगनकडे गेले आणि ३४–३२ जिंकून आले. उलट दिशेची चढणही थांबलेली नाही. २०२३ मध्ये वरच्या श्रेणीत येण्याचे शुल्क पाच हजारांवरून पन्नास लाख डॉलर केले, तरी डेलावेअर आणि मिझूरी स्टेट २०२५ मध्ये आलेच.

पलूसमधल्या दोन शेजाऱ्यांत १९३८ पासून सुमारे तीस वर्षे एक प्रथा होती : हरलेल्या विद्यापीठाचे विद्यार्थी जिंकलेल्याच्या आवारापर्यंत आठ मैल पायी जात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस दोघे पुलमनमध्ये पुन्हा भेटले, आता वेगवेगळ्या श्रेणींतून. वॉशिंग्टन स्टेट १३–१० जिंकले, तेही शेवटच्या मिनिटातल्या किकवर.