सरत्या वर्षाची फुले

वसंतात कोणाचीही बाग फुलते. माळ्याची खरी परीक्षा पाहतो तो शरद. इंग्लंडसारख्या थंड देशात तर सप्टेंबर लागला की दिवस आखडतो आणि पुढे एखाद्या रात्री दहिवर गोठले की नाजूक रोपे सकाळी काळी पडलेली दिसतात.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांच्या बागांत काचगृहात वाढवलेली रोपे उन्हाळ्यापुरती वाफ्यांत मांडत आणि थंडी आली की उपटून टाकत. विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने या उधळपट्टीविरुद्ध लेखणी उचलली. १८८३ साली निघालेल्या ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ या त्याच्या पुस्तकाने बहुवर्षायू फुलझाडांची बाजू घेतली. एकदा लावावीत आणि दरवर्षी आपल्या वेळेला त्यांनी उगवून यावे, अशी ही झाडे.

हा विचार ज्यांनी रंगांत उतरवला, त्यांत मला गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बाईंचे मोठे अप्रूप वाटते. मूळच्या त्या चित्रकार, भरतकामात निपुण. पण दृष्टी अधू होत गेली आणि बारीक काम सुटले. मग त्यांनी जमिनीचाच कॅनव्हास केला. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वुड इथे त्यांनी बाग उभारली. तिथले घर बांधले ते पुढे दिल्लीचे राष्ट्रपती भवन उभारणाऱ्या ल्यूटेन्स यांनी. एकच वाफा बारा महिने सुंदर दिसणार नाही, हे ओळखून बाईंनी ऋतूगणिक वाफे वेगळे केले. शरदासाठी निवडले ॲस्टर: जांभळे, गुलाबी, पांढरे, आणि त्यांच्या सोबतीला करड्या पानांची झाडे, म्हणजे फिके रंगही उठून दिसावेत.

गंमत अशी, की इंग्रजी शरदाची ही फुले इंग्लंडची नव्हेतच. हे ॲस्टर बहुतेक उत्तर अमेरिकेचे. २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणाच्या सुमारास फुलतात म्हणून इंग्रजांनी त्यांना ‘मायकेलमस डेझी’ म्हटले. याच दिवसांत फुलणारे ‘जपानी’ ॲनिमोन रॉबर्ट फॉर्च्यूनला १८४० च्या दशकात चीनमध्ये, शांघायच्या तटबंदीजवळच्या थडग्यांमध्ये सापडले. परमुलुखातली फुले अशी एका वाफ्यात शेजारी झाली.

या ॲस्टरची एक खोड आहे. दोन-तीन वर्षांत झुडपाचा मधला भाग थकतो. तो काढून टाकायचा आणि कडेचे जोमदार फुटवे नव्याने लावायचे. आपला शेतकरी शेवंतीच्या काश्या लावतो, तसेच हे. शेवंती ॲस्टरच्याच कुळातली. दिवस लहान होऊ लागल्यावरच ती कळ्या धरते. उजेड कमी होत असताना फुलायचे, ही या फुलांची रीत. नजर मंदावत असताना जेकिलबाईंनी हीच फुले निवडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.