संत्र्याच्या पानातला विषाणू कसा दिसतो?

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन्ही तालुक्यांत संत्रा हे घरोघरचे पीक आहे. कलम विकत घेताना आपण खुंट, डोळा आणि मुळे तपासतो. पण काही रोग पाहून कळत नाहीत. ते कसे ओळखतात, याची माहिती सभासदांसाठी आम्ही येथे देत आहोत.

रोग कोणता?
‘ट्रिस्टेझा’ हा लिंबूवर्गीय झाडांचा विषाणू आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ उदासी. १९३० नंतर दक्षिण अमेरिकेत आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे या रोगाने वाळली. मावा कीड हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगी झाडाचा डोळा बांधला, तर कलमातही तो येतो. जंबेरीसारख्या खुंटावर झाड बरीच वर्षे निरोगी दिसू शकते, म्हणून धोका अधिक.

साधा सूक्ष्मदर्शक का पुरत नाही?
हा विषाणू लवचिक दोऱ्यासारखा असतो. लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर, जाडी फक्त ११ च्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शक साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतचाच तपशील दाखवतो. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरावा लागतो. असे यंत्र १९३१ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी बनवले. रुस्का यांना त्यासाठी १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

थेंबातले कण कसे पाहतात?
यंत्रात निर्वात पोकळी असते. ओला थेंब तिथे लगेच उडून जाईल. म्हणून आधी पानाचा रस द्रवात उतरवतात. त्याचा थेंब सुमारे तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर, कार्बनच्या पातळ पडद्यावर ठेवतात. मग जड धातूच्या क्षाराचे द्रावण घालून जास्तीचे पाणी टिपकागदाने टिपतात. क्षार कणांभोवती साचतो. तो इलेक्ट्रॉन अडवतो, म्हणून भोवताल काळा आणि विषाणू फिका दिसतो. कोरोना विषाणूची छायाचित्रे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये याच पद्धतीने घेतली.

सुकताना कण थोडे चपटे होतात. ते टाळण्यासाठी थेंब इतक्या झपाट्याने गोठवतात की बर्फाचे स्फटिक बनत नाहीत. या तंत्राच्या विकासाबद्दल २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना विभागून मिळाले.

बागायतदाराने काय करावे?
झाडात विषाणू कमी असेल, तर जाळीवर तो सापडतोच असे नाही. शिवाय यंत्र महाग आहे. म्हणून रोजच्या तपासणीला एलायझा व पीसीआर चाचण्या वापरतात. कागदी लिंबाच्या रोपावर डोळा बांधून पानांच्या शिरा पाहण्याची जुनी पद्धतही आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या शेजारी नागपूरलाच आहे.

बागेला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर खत, पाणी, मजुरी आणि कर्जाचे व्याज चालूच असते. दोष त्यानंतर उघड झाला, तर गेलेली वर्षे कोणतीही बँक परत देत नाही. म्हणून रोपवाटिकेत भाव विचारण्याआधी मातृवृक्षाची तपासणी झाली आहे का, ते विचारावे आणि पक्की पावती जपून ठेवावी.