मुसाक्याचे वय

ग्रीक रेस्टॉरंटच्या भिंतीवर प्राचीन पार्थेनन मंदिराचे चित्र आणि ताटात मुसाका, म्हणजे वांगी आणि खिम्याच्या थरांचा भाजलेला पदार्थ, असला, की दोन्ही एकाच काळातली वाटतात. प्रत्यक्षात त्यातले वांगे मध्ययुगात पूर्वेकडून आले, टोमॅटो आणि बटाटा त्यानंतर अमेरिकेतून. वरचा बेशामेल या पांढऱ्या सॉसचा जाड थर तर फ्रेंच पाककलेने भारावलेल्या निकोलाओस त्सेलेमेंतेस या बल्लवाचार्याने 1920च्या दशकात रुळवला. त्याच्या पुस्तकाचा दबदबा एवढा, की ग्रीकमध्ये पाककृतींच्या कोणत्याही पुस्तकाला ‘त्सेलेमेंतेस’ म्हणू लागले. त्याच सुमारास, 1922मध्ये तुर्कस्तानकडून झालेला ग्रीसचा पराभव आणि 1923ची दोन्ही देशांमधली लोकसंख्येची अदलाबदल यांमुळे आशिया मायनरमधून दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. तिथल्या स्मिर्ना शहराचे जिरे घातलेले खिम्याचे मुटके, सुत्सुकाकिया, त्यांच्याबरोबर सर्वदूर पोहोचले.

यावर कोणी म्हणेल, ऑलिव्ह, वाइन, मासे तर प्राचीनच ना? खरे आहे, पण शिधा जुना म्हणून स्वयंपाक जुना ठरत नाही. त्यामुळे आजच्या शेफने बेशामेल वगळले, तर परंपरा बुडाली अशी ओरड व्यर्थ आहे. तो जेमतेम शंभर वर्षांचा थर खरवडतो आहे.